पटांगणाचा जांभळा रंग

लालबाग,
रविवार, १२ जून २०१६

ती. मालनअक्का,

तुझ्या पायांना हात लावून सुरुवात करतो. आम्ही बरे आहोत, तुझा गुडघाही आता बरा असावा. आंब्याची पेटी मिळाली. दोन आंबे दबले होते, बाकी पहिल्या नंबरचे.

आधी एक हिशेब ऐक. आमच्या विभागाचा नकाशा छापून आणायला सीमाला सव्वाशे रुपये पडले. ही दुकानातली किंमत. खरी किंमत अशी, की तो नकाशा पसरला की खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही, म्हणून रविवारची दुपारभर मी गॅलरीत पत्र्याच्या खुर्चीवर. कागद उडतो म्हणून पंखा बंद. तीन रविवार झाले, सुरमई नाही, अंड्याची पोळी. आणि आज तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा असं झालं, की मी आंघोळ करून आलो तर चहा ओट्यावर झाकून ठेवलेला. तो हातात देणारी जमिनीवर गुडघे टेकून नकाशात पिवळा रंग भरत होती. म्हणाली, घ्या हां तेवढा.

तुला कळेल असं सांगतो. शहराचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा पालिका नव्याने करते आहे. कुठे शाळा, कुठे दवाखाना, कुठे मैदान, कुठली जागा कशासाठी राखायची, ते त्यात ठरतं. मसुदा लोकांसमोर ठेवलाय आणि जुलैअखेरपर्यंत हरकती मागवल्यात. आमच्या भागातल्या अकरा जणांनी मिळून नागरिक समिती केली आहे. दर रविवारी हे लोक नकाशा घेऊन गल्लीगल्लीतून फिरतात, कागदावर जे दाखवलंय ते जागेवर खरंच आहे का ते बघतात, नसेल तर हरकत लिहितात. काम चांगलं आहे. मी वाईट म्हणत नाही.

त्या अकरांत सीमा आहे. मी नाही.

तशी चूक माझीच. एप्रिलात पहिली सभा होती तेव्हा आमंत्रण मला आलं होतं. पण ऐन मसाल्याचा मोसम, मिरच्या कुटायचा डंख सकाळी सहापासून चालू, बायका भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन रांगेत. मी सीमाला म्हटलं, तू जा, चहा पिऊन ये. ती गेली ती गेलीच. आता गल्लीत लोक मला थांबवून विचारतात, सीमाताई घरी आहेत का. परवा दुकानात एक बाई दोन किलो मालवणी मसाला घ्यायला आली, तिने माझ्याशी भाव केला नाही. मी खूश झालो. मग म्हणाली, तुम्ही सीमाताईंचे मिस्टर ना, तुमच्याशी काय घासाघीस करायची.

अक्का, या गल्ल्या तिला ठाऊक कशा झाल्या? संपानंतर गिरणी गेली, मी उधारीवर एक जुना डंख घेतला, तेव्हा मसाल्याच्या पुड्या घरोघर पोचवायला हीच जायची. कुठल्या दारामागे किती माणसं, कुठल्या जिन्याखाली शिवणक्लास, कुठल्या बंद शटरमागे कोण राहतं, सगळं तिला तोंडपाठ. म्हणजे माझ्या मसाल्याने तिला शिकवलं. समितीत हे कोणी बोलत नाही.

समितीत एक हेरंब कर्णिक म्हणून आहेत. प्रभादेवीला राहतात, जन्मभर नकाशे काढायचं काम केलं, आता रिटायर. बायको जाऊन सहा वर्षं झाली. कॉलर कायम इस्त्रीची. बोलणं असं, की जणू प्रत्येक शब्द पुसून समोर ठेवतात. सीमाला त्यांनी रंगीत पेन्सिलींचा डबा आणून दिला, चोवीस रंगांचा. राहण्याची जागा पिवळी, दुकानं निळी, मैदानं हिरवी, कारखाने-गोदामं जांभळी. गॅलरीतून मला सगळं ऐकू येतं. माझे कान तुला माहीत आहेत. मिरची दमट असली तर डंखाचा ठोका दबका वाजतो, ते मी रस्त्यापलीकडून ओळखतो. तसंच सीमाचं हसणंही ओळखतो. 'सीमाताई, तुमची नजर आरेखकाची आहे,' असं त्यांनी म्हटल्यावर ती जे हसली, ते मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

आज मात्र ती हसता हसता थांबली. आपल्या चाळीमागे, पाण्याच्या टाकीशेजारी, पोरं खेळतात ते पटांगण तुला आठवत असेल. नकाशात ते जांभळं आहे. गोदाम. सीमा म्हणाली, हे जांभळं कसं? इथे कधी गोदाम होतं? कर्णिक म्हणाले, नोंद अशीच राहिली तर ही जागा मैदान म्हणून राखली जाणार नाही, उद्या तिथे काहीही उभं राहील. पुढचं मी ऐकलं नाही. खाली दुकानात गेलो.

त्या जांभळ्या तुकड्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि हे सगळं ओरडून सांगायचं तर अख्खी चाळ ऐकेल, म्हणून पत्र. तूही पत्रच लिही. चाळीचं नाव, खोली, पिनकोड कशाला लिहीत बसतेस? नुसतं 'धोंडू कांडपवाला, लालबाग' लिहायचं. कोणीही आणून देईल. मी इथे तीस वर्षं काय नुसत्या मिरच्या कुटल्या?

तुझा
धोंडू


लालबाग,
रविवार, ७ ऑगस्ट २०१६

ती. मालनअक्का,

नमस्कार. तुझी चिठ्ठी घेऊन आनंदा आला. पोरगं तुझं गुणी आहे, दोन दिवस राहिलं आणि दोन्ही दिवस मामीबरोबर समितीत गेलं. चिठ्ठीत तू लिहिलंस, 'धोंडू, तुझी पोटदुखी मिरसांगेन जावची नाय.' मिरचीवाल्यालाच मिरचीचा उतारा चालायचा नाही, हे वाचून हसलो. मग पाकिटात परत घातली आणि पाकीट गल्ल्यात ठेवलं, सीमाच्या हाती लागू नये म्हणून.

तुझ्याशी खोटं बोलून उपयोग नाही, तेव्हा लिहितो.

हरकतींचे छापील फॉर्म आले होते. पटांगण मैदान म्हणूनच राखावं, अशी मागणी त्यावर होती. सीमाने एक गठ्ठा माझ्या काउंटरवर ठेवला. म्हणाली, गिऱ्हाइकांकडून सह्या घ्या, दिवसाला पन्नास माणसं तुमच्याकडे येतात. मी हो म्हटलं. आणि गठ्ठ्यावर बेडगी मिरचीचं पोतं ठेवलं. मुद्दाम नाही ठेवलं, असं पंधरा दिवस मी मलाच सांगत होतो. शेवटच्या आठवड्यात ती गठ्ठा मागायला आली. सगळे फॉर्म कोरे, वर लाल धूळ. मी म्हटलं, पावसात गिऱ्हाईक कुठे थांबतं वाचायला. तिने फॉर्म झटकले, फुंकर मारली, आणि चाळीच्या जिन्यात पाट टाकून बसली. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. दोनशे अठरा सह्या. समोरच्या खोलीतल्या गंगुबाईंना लिहिता येत नाही, त्यांचा अंगठासुद्धा घेतला.

माझी सही मागितली नाही. दुकानात बसून मी वाट बघत होतो, आत्ता येईल, मग येईल. पूर्ण चाळीत सही नसलेला एकटा मी.

आणि एक. हे कर्णिक पुढच्या जिन्याने येत नाहीत, मागच्या जिन्याने येतात. का, ते विचारलं तर म्हणे डंखाची धूळ नाकात जाते, शिंका येतात. येतातही, एकदम सात-आठ. गेल्या महिन्यात त्या मागच्या जिन्यात मला आधी शिंका ऐकू आल्या आणि मग बोलणं. कर्णिक हळू आवाजात म्हणत होते, 'त्यांच्या कानावर आत्ता नका घालू.' सीमा म्हणाली, 'मी बघते. योग्य वेळ आली की.'

माझ्या कानावर काय घालायचं नाही, अक्का? मी तिथे अंधारात उभा, हातात हळदीचा डबा. वय वर्षं बासष्ट. त्या दिवसापासून मी जेवताना बोलत नाही. तिनेही कारण विचारलेलं नाही, हे आणखी वाईट. तिला महिनाभर तुझ्याकडे पाठवू का? भातातलं तण काढायचं निमित्त सांगता येईल. पण ती म्हणेल, सुनावणी आहे. सुनावणी हिवाळ्यात आहे.

आता ते जांभळं. तू विचारलं नाहीस, पण मागच्या पत्रात त्यावरून मी घाईघाईत पुढे सरकलो ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

चार वर्षांपूर्वीचा मे महिना. त्या वर्षी मी पहिल्यांदा थेट बाजारातून ट्रकभर मिरची उचलली. बेडगी, शंकेश्वरी, पांडी. वाळत घालायला जागा नव्हती. चाळीतल्या पोरांनी माझ्यासाठी पंधरा दिवस क्रिकेट बंद ठेवलं आणि पटांगणात ताडपत्र्या टाकायला मदत केली. या भिंतीपासून त्या टाकीपर्यंत लालच लाल. मी मधोमध स्टूल टाकून बसलेलो. तेव्हा एक चष्मेवाला गृहस्थ आला, हातात लाकडी फळी, तिला कागद लावलेले. कुठल्या जागेचा काय वापर होतो, त्याची पाहणी चालली होती. त्याने अदबीने विचारलं, इथे काय आहे?

आपल्या बाबांनी गिरणीत चौतीस वर्षं काढली. गेले तेव्हा त्यांच्या नावावर एक ट्रंक होती. आणि माझ्यासमोर ती एवढी मिरची. मी म्हटलं, 'हे धोंडू परबचं गोदाम आहे. लिहून घ्या.' त्याने लिहून घेतलं. मी त्याला थंडा पाजला.

पंधरा दिवसांनी मिरच्या उचलल्या, पोरं परत खेळायला लागली. मी विसरून गेलो. कागद विसरला नाही.

हे सीमाला सांगायला हवं, मला कळतं. समिती दोन महिने शोधते आहे की ही चूक आली कुठून. पण सांगायचं म्हणजे त्या कर्णिकांसमोर. तो माणूस मान तिरकी करून म्हणेल, असं आहे होय. त्यापेक्षा त्यांची हरकत फेटाळली जावी आणि चोवीस रंगांचा डबा त्यांनी परत न्यावा, असंही एक-दोनदा माझ्या मनात आलं. पोरांचं पटांगण जाईल, हे त्याच्या मागोमाग आलं. आधी नाही आलं, मागोमाग आलं.

हे पत्र स्वतः वाच. सुनेला वाचायला देऊ नकोस. आणि आनंदाच्या हाती चिठ्ठ्या पाठवत बसू नकोस, सरळ पोस्टात टाक. वर नुसतं नाव, सांगितलंय तसं.

तुझा
धोंडू


लालबाग,
रविवार, १८ डिसेंबर २०१६

ती. मालनअक्का,

नमस्कार. थंडी अशी काही नाही इकडे, पण सकाळी डंखाचं लोखंड हाताला गार लागतं. दिवाळीनंतर लिहिलंस ते पत्र मिळालं. ते कसं मिळालं, ते शेवटी सांगतो.

गुरुवारी सुनावणी झाली. मी दुकान बंद ठेवलं. लग्नकार्य आणि अनंत चतुर्दशी सोडली तर मी शटर कधी खाली ओढलेलं नाही. सीमाला वाटलं मला बरं नाही. मी म्हटलं, येतो मीही, बघू तुमचं काय चालतं ते. पालिकेच्या मुख्य कचेरीत गेलो. सीमाने निळी इरकल नेसली होती, राहुलच्या लग्नात वरमाय म्हणून घेतलेली. कर्णिकांच्या हातात नकाशाची नळी. मी मागे.

बाहेर बाकांवर सगळ्या मुंबईतली माणसं. कोणी कोळीवाड्यातली, जाळी विणायच्या जागेसाठी आलेली. कोणी शाळेसाठी, कोणी दवाखान्यासाठी. प्रत्येकाच्या हातात असाच एखादा नकाशा, घड्या पडून पडून मऊ झालेला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की अशा अंड्याच्या पोळ्या घरोघरी झाल्या असणार.

आमचा नंबर अडीचला आला. टेबलामागे तीन-चार साहेब, शांतपणे ऐकून घेणारे. सीमा उभी राहिली. तिने कागद बघितला नाही, अक्का. पटांगण किती लांब, किती रुंद, सकाळी कोण येतं, संध्याकाळी कोण, शेजारच्या शाळेला स्वतःचं अंगण नाही म्हणून तिची कवायत इथेच होते, सगळं सांगितलं. माझ्या दुकानात ती तीस वर्षं पुड्या बांधत होती. तेव्हा ती असं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. आणि कर्णिकांना आधीपासून माहीत होतं.

मधल्या साहेबांनी फाईल उघडली. म्हणाले, 'बाई, तुमचं म्हणणं खरं असेल. पण पाहणीत गोदाम अशी नोंद आहे, आणि ती तिथल्याच एका दुकानदाराने दिलेल्या माहितीवरून केलेली आहे. त्याने खोटं कशाला सांगावं?'

 मी सीमाच्या मागे बसलो होतो, तिची मान दिसत होती. पाच मिनिटं न अडखळता बोललेली बाई एका साध्या प्रश्नाला अडली. म्हणाली, काहीतरी गफलत झाली असेल. साहेब म्हणाले, गफलत म्हणून आम्हाला नोंद बदलता येत नाही. कर्णिकांच्या मांडीवर एक कागद होता, खालचा भाग दुमडून टाचणीने बंद केलेला. त्यांचा हात त्या टाचणीकडे गेला आणि परत आला. दोघांनीही मागे वळून बघितलं नाही.

मी उभा राहिलो.

'साहेब, तो दुकानदार मी. तिथे मिरच्या वाळत घातल्या होत्या, पंधरा दिवस. गोदाम नव्हतं. जागा पोरांची होती, त्यांनी मला वापरू दिली. मी फुशारकी मारली.'

साहेबांनी चष्मा काढला. विचारलं, मग हरकती मागवल्या तेव्हा का नाही सांगितलंत?

'बायको समितीत होती,' मी म्हटलं.

साहेबांना त्याचा अर्थ लागला नसावा. कर्णिकांना लागला. मान खाली घालून ते शिंकले, आणि तिथे तर मिरचीचा कणही नव्हता. साहेबांनी माझं नाव, पत्ता विचारून माझं बोलणं लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली. म्हणजे सही झाली एकदाची.

बाहेर व्हरांड्यात सीमाने तो कागद घेतला, टाचणी काढली आणि माझ्यासमोर धरला. त्या पाहणीच्या नोंदीची प्रत. कर्णिकांनी माहितीच्या अधिकारात जुलैमध्येच मिळवलेली. सगळ्यात खाली: माहिती देणारा, धोंडू परब, दुकानदार. मागच्या जिन्यात जे माझ्या कानावर घालायचं नव्हतं, ते हे. समितीतल्या बाकी नऊ जणांनाही त्या दोघांनी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, सही का नाही मागितलीस? म्हणाली, 'मागितली असती तर तुम्ही दिली असतीत. मग एका कागदावर गोदाम म्हणणारे तुम्ही आणि दुसऱ्यावर मैदान म्हणणारेही तुम्ही. चारचौघांत खोटे पडला असतात.' मग म्हणाली, 'पोत्याखाली ठेवलेत ना फॉर्म, तेव्हा मला फार लागलं हो.'

 मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

टाचणी लावायची कल्पना कर्णिकांची. तिनेच सांगितलं. ते म्हणाले होते म्हणे, परब स्वतः उभे राहतील, आपण त्यांना उभं करायचं नाही. म्हणजे बघ, त्या माणसाला माझी खात्री होती, आणि मला त्याच्या शिंकेचीसुद्धा नव्हती. तुला वाटेल यावर माझी पोटदुखी गेली असेल. नाही गेली. उलट आता जास्त जळतं. वाईट माणसावर जळताना निदान आपण बरे वाटतो. परतताना ते दोघं पुढच्या कामाचं बोलत चालले होते, नाल्याकडची दुसरी हद्द तपासायची आहे म्हणून, आणि मी मागून नळी धरून. त्या वाटेवर सीमा एकदाच वळली. म्हणाली, नळी आडवी धरा, लोकांना लागेल.

पटांगणाचं काय होईल ते अजून कळलेलं नाही. निकाल यायला महिने लागतील म्हणतात. साहेबांनी लिहून घेतलं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. परवा पोरांना सगळं सांगितलं, मिरच्यांपासून. एक जण म्हणाला, काका, तेव्हा मी सहावीत होतो, ते पंधरा दिवस आम्ही गच्चीत खेळलो आणि माझा बॉल गेला. त्याला बॉल आणून दिला.

आज रविवार. खोलीत नवा नकाशा पसरलाय. सुरमई नाही. मी गॅलरीत आहे, पण दार उघडं ठेवलंय, आणि मघाशी सीमाने आतून विचारलं की त्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या चक्कीमागे काय आहे. मला माहीत होतं. सांगितलं. नुसतं जे आहे तेवढंच सांगितलं.

आता तुझ्या पत्राचं. पाकिटावर तू माझं ऐकून 'धोंडू कांडपवाला, लालबाग, मुंबई' एवढंच लिहिलंस. पोस्टमन नवा आहे, तो मसाल्याच्या गल्लीत दुकानोदुकानी विचारत फिरला. अकरा दिवस पाकीट फिरत होतं. मग कोणीतरी त्यावर बॉलपेनने लिहिलं, 'सीमाताई समितीवाल्या यांचे मिस्टर'. त्याच दिवशी दुपारी पोचलं.

तेव्हा यापुढे पत्ता नीट लिहीत जा. खाली देतो.

तुझा धाकटा भाऊ,
धोंडू

द्वारा सौ. सीमा परब,
खोली नं. २३, दुसरा मजला,
पटांगणालगतची चाळ,
लालबाग, मुंबई १२